मुंगीचा उजवा खुबा

मुंगी चालताना उजव्या बाजूला खचते, हे मला पहिल्यांदा औषधाच्या दुकानाच्या काचेत दिसलं. मी पुढे, माझ्या डाव्या कडेवर गोटू, आणि मागे मुंगी, माझी थोरली. ती चार वर्षांची आहे आणि हात धरायचा नाही, मागूनच यायचं, असा तिचा सध्याचा बाणा आहे. मी काचेत तिला बघत होते. काचेत स्वतःला बघणं मी गोटू झाल्यापासून सोडून दिलंय, त्यातून काही हाती लागत नाही. डावा पाय टेकला की मुंगीच्या कमरेची उजवी बाजू खाली जायची, पुढच्या पावलाला वर यायची, पुन्हा खाली. एक पाय आखूड असलेल्या स्टुलासारखी.

"मुंगे, पाय दुखतो का गं?"

"नाही."

"मग अशी का चालतेस?"

"कशी?"



त्याच्या आदल्या आठवड्यात तिला ताप आला होता. गोटू पाजायचा होता म्हणून मला निघता आलं नाही आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई, तिला दवाखान्यात घेऊन गेल्या. परत आल्या तेव्हा ताप उतरणीला लागला होता आणि मुंगीच्या ढुंगणावर सुई टोचून झाली होती. तेव्हा मला हायसं वाटलं होतं. काचेसमोर उभं राहिल्यावर तीच सुई आठवली.

घरी येऊन मी फोन घेऊन बसले. ढुंगण म्हणजे बसायची गादी, पदवीपर्यंत शिकून माझं ज्ञान एवढंच. आता कळलं की तिथे एकाखाली एक बिऱ्हाडं आहेत. वरचा सगळ्यात मोठा स्नायू, खुर्चीतून उठायला आणि जिना चढायला. त्याच्याखाली, खुब्याच्या बाजूला, पंख्यासारखा पसरलेला मधला, आणि त्याच्याही पोटात धाकटा. ह्या दोघांना वेगळी बारीक नस आहे आणि चालताना कंबर आडवी धरून ठेवणं हे त्यांचं काम. शिवाय शरीरातली सगळ्यात जाड नस, करंगळीएवढी, तिथूनच खाली पायात उतरते. म्हणून कुल्ल्याचे मनातल्या मनात चार भाग करायचे आणि वरच्या, बाहेरच्या भागातच सुई द्यायची. चुकली तर पाय जाऊ शकतो.

इथपर्यंत समजलं. पुढचं मात्र दोनदा वाचावं लागलं. कमरेची जी बाजू खाली जाते ती चांगली असते, दोष दुसऱ्या बाजूला असतो. आपण एका पायावर असतो तेव्हा त्याच पायाकडचा मधला स्नायू पलीकडची बाजू वर धरून ठेवतो म्हणे. म्हणजे मुंगी उजवीकडे खचते तर दुखणं डावीकडे. खात्री करायला मी भिंतीला धरून आधी उजव्या पायावर उभी राहिले आणि खुब्याच्या वर चाचपलं. खरंच, हाताखाली काहीतरी घट्ट झालं. मग डाव्या पायावर. तिथे काहीच लागलं नाही. म्हटलं, चरबी असेल.

आई स्वयंपाकघरात वाटाणे सोलत होत्या.

"आई, मुंगीला इंजेक्शन कुठल्या बाजूला दिलं?"

"उजव्या."

"नक्की?"

"म्हणजे माझ्या उजव्या हाताला."

"तिचं डोकं कुठे होतं?"

"धडावर. अगं, पोर किंचाळत होती. मी तिचे पाय धरू की दिशा बघू?"

मी पक्क्या शाईचं निळं मार्कर पेन घेतलं, मुंगीला पलंगावर पालथं घातलं आणि तिच्या दोन्ही कुल्ल्यांवर चार घरं पडतील अशी एकेक फुली काढली. गुदगुल्या होऊन ती खिदळत होती. आईंना बोलावलं.

"ह्यातल्या कुठल्या घरात सुई टोचली, तेवढं दाखवा."

आईंनी आधी फुल्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हा कसला खेळ मांडलायस?"

"दाखवा ना."

त्यांनी बोट पुढे केलं आणि डाव्या फुलीच्या बरोब्बर मधोमध ठेवलं. "इथे." मग उजव्या फुलीवर नेलं. "की इथे."

माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, त्या पलंगाच्या कडेवर टेकल्या. "हे बघ, माझ्याबरोबर बागेत येते तेव्हा ही नीट चालते. तुझ्यासमोरच कशी लंगडते?"

"म्हणजे मी खोटं सांगते?"

"तसं म्हटलं का मी?"

"मग काय म्हटलंत?"

"काही नाही."

आमच्या घरात काही नाही म्हणजे पुष्कळ काही असतं.

नवऱ्याने पुरावा आणायचं ठरवलं. तो आईंच्या आणि मुंगीच्या मागून बागेत गेला आणि फोनवर चित्रीकरण करून आला. "घे. पट्टीने आखल्यासारखी चालते." मी बघितलं. पुढे आई, पाठीमागे हात बांधून, सावकाश. मागे मुंगी, तीही पाठीमागे हात बांधून, सावकाश. कंबर आडवी. मी पुन्हा लावलं. पुन्हा आडवी. त्याच संध्याकाळी मी दोघांना घेऊन खाली उतरले, वळून बघितलं, तर मुंगी खचत खचत येत होती.

मग मी एकेक कारण धरायची आणि सोडायची. बूट म्हणावेत तर अनवाणीही तेच. दमली म्हणावं तर सकाळी उठल्याउठल्या न्हाणीघरापर्यंत माझ्यामागून येताना तेच. आई तिला काहीतरी पढवतात की काय, हेही मनात येऊन गेलं. एकदा तर वाटलं, मी आई आहे म्हणून तिचं दुखणं माझ्यापाशीच बाहेर पडतं. त्याने जरा बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

मुंगीला आईंबरोबर पाठवणं मी बंद केलं. बोलले काहीच नाही. तिला रोज त्या वेळेला झोपवायला लागले. आई चपला घालून दाराशी उभ्या राहायच्या, खोलीचा अंदाज घ्यायच्या आणि चपला काढून ठेवायच्या.

शेवटी मी तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिच्या गुडघ्यांवर ठोकून बघितलं, टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं. "मोठ्या नसेला धक्का लागला असता तर पाऊल लोंबलं असतं. हिचं छान उचलतं."

"पण कंबर?"

"मला नाही दिसत काही."

"कुणालाच दिसत नाही," मी म्हटलं. त्यांनी एक चिठ्ठी लिहिली. "फिजिओबाईंना दाखवा. तुमचं समाधान होईल."

समाधान हा शब्द मला वेड्यांना देतात तसा वाटला, पण मी गेले. गोटूला धरायला आई बरोबर आल्या.

फिजिओबाईंच्या खोलीत रेक्झिनचा उंच पलंग होता, खिळ्यावर रंगीत रबरी पट्टे, कोपऱ्यात मोठा चेंडू आणि समोरच्या भिंतीवर छतापर्यंत आरसा. बाई ठसठशीत, बाह्या सरसावलेल्या. त्यांनी मुंगीची चड्डी खाली केली आणि थबकल्या.

"हा नकाशा कुणाचा?"

अंघोळीने फुल्या फिकट झाल्या होत्या, गेल्या नव्हत्या. "माझा."

"सुबक आलाय. आमच्या विद्यार्थ्यांची रेघ वाकडी जाते." त्यांनी दोन्ही बाजू दाबून बघितल्या. "मुंगीबाई, लंगडी येते का?"

मुंगीने उजव्या पायावर लंगडी घातली, मग डाव्या पायावर, आणि थांब म्हटल्यावरही थांबेना. मी डोळ्यांत तेल घालून बघत होते. कंबर हलली नाही.

"आता आरशापर्यंत चाल."

पट्टीने आखल्यासारखी.

"बघा, आता नाही करत," मी म्हटलं. "ती माझ्या मागून चालते ना, तेव्हाच करते."

बाई मुंगीकडे बघायच्या थांबल्या आणि माझ्याकडे बघू लागल्या. "मग चाला की पुढे. बाळ आजींकडे द्या."

मी चालले. समोर आरसा, आरशात माझ्या मागे मुंगी. डावं पाऊल, आणि उजवी बाजू खाली. "ते बघा," मी म्हटलं, "बघा, उजवी—"

"तिची नाही. पुढचीची बघा."

पुढे मीच होते. डावं पाऊल टाकलं आणि आरशातल्या त्या बाईची उजवी बाजू खाली गेली, मागच्या लहानीचीही गेली, दोघींची एकदम. पहिल्यांदा मला वाटलं, आरसाच भिंतीवर वाकडा लावलाय. मी थांबले. मुंगी थांबली.

बाईंनी मला डाव्या पायावर उभं केलं, कमरेवर दोन्ही हात ठेवले. मला काहीच जाणवलं नाही, पण त्यांचा एक हात खाली गेलेला आरशात दिसला.

"डाव्या कुशीवर झोपता येतं?"

"नाही, दुखतं. गादी जुनी झालीय. नवी घ्यायचं ठरवलंय."

"नका घेऊ."

"माझी नस—"

"नस शाबूत दिसते. मधला स्नायू दमलाय. दोन बाळंतपणं, वर रोज डाव्या कडेवर बाळ आणि त्याच्यासाठी डावा खुबा बाहेर काढून उभं राहणं. व्यायाम केलात तर येईल ताळ्यावर. वेळ लागेल."

"आणि मुंगी?"

"तिला काहीही झालेलं नाही. पुढे जे चालतं, तसं ती चालते."

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल, पण तो कुठे आहे ते सापडेना. इतके दिवस तिच्या कमरेवर डोळे लावून बसले होते. ते डोळे आता कुठे ठेवायचे? आणि मी पूर्वी कशी चालायचे? मुंगीच्या आधी, लग्नाच्या आधी? आठवून बघितलं तर काहीच येईना. मी आईंकडे वळले.

"आई, तुम्हाला कधी दिसलं नव्हतं?"

"दिसलं होतं." त्या गोटूच्या तोंडातून त्याची मूठ काढत होत्या. "मुंगी झाली त्यानंतर. मला वाटलं, हिची चालच अशी. सुनेच्या चालण्यावर बोट ठेवून सासूचं भलं झालेलं ऐकलंयस कधी?"

"मग परवा तरी सांगायचं."

"परवा तू पोरीची कंबर विचारत होतीस. तुझी कुठे विचारलीस?"

बाईंनी मला कुशीवर झोपून पाय वर उचलायचा व्यायाम शिकवला. पाय टीचभर उचलला गेला आणि थरथरायला लागला. शेजारी मुंगी आडवी झाली आणि तिने तिचा पाय सरळ छताकडे केला.

बाहेर रस्त्यावर ऊन उतरलं होतं. आई फाटकाशी रेंगाळल्या. "बागेवरूनच जाऊ या का?" माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या. "तुला घाई असेल तर राहू दे."

"नाही, चला. तुम्ही पुढे व्हा. मुंगीला घ्या."

मी त्यांच्याकडून गोटूला घेतलं, सवयीने डावीकडे, मग उजव्या कडेवर. त्याला ती बाजू परकी वाटली, तो चुळबुळत माझ्या दुसऱ्या खांद्याकडे झेपावू लागला. आईंनी हात पाठीमागे बांधले. मुंगीने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा आजीकडे, आणि तिनेही हात पाठीमागे बांधले. दोघी निघाल्या. दोघींच्या कमरा आडव्या.

मी त्यांच्या मागे निघाले. माझ्या मागे आता कुणी नव्हतं. तरी डावं पाऊल उचललं आणि ते कसं टेकवायचं हे न कळून तशीच क्षणभर उभी राहिले.