वाटीभर लोण्याचं वजन

ऐन टँकर यायच्या टायमाला बायकांनी मला दूध सोसायटीत लोणी आणायला पिटाळलं. आमच्या बचत गटाला नानकटाईची ऑर्डर आलती. नानकटाईला थेंबभर पाणी लागत न्हाई, म्हणून तर दुष्काळात आमी ती घेतली.

"किती ग्रॅम?" सोसायटीतल्या जालिंदरनं विचारलं.

"चार वाट्या."

"भिवराकाकू, हितं वाटीनं मिळत न्हाई. वजनात सांगा."

असा संताप आला! पण वाटी मी संगंच नेलती. म्हणलं, "ही ठेव काट्यावर, भर आन् बघ."

त्यानं रिकामी वाटी ठेवून काटा शून्यावर आणला आणि चमच्यानं लोणी टाकलं. मधी पोकळ्या तशाच.

"दाब की! हवा मोजतोस का?"

माझा एक कान रस्त्याकडं. हंडा रांगेत ठेवलेला, राखायला कुणी न्हाई.

त्यानं दाबलं. माझं समाधान होईना, मी बोटानं आणखी दाबून वरून सपाट केलं. एकशे नव्वद ग्रॅम भरलं.

"मंजी चार वाट्यांचं सातशे साठ," जालिंदर म्हणाला आणि वाटीतलं लोणी पिशवीत काढलं. तेवढ्यात हॉर्न वाजला.

"बाकीचं तोलून ठेव!" रिकामी वाटी उचलून मी पळत सुटले.

गावाच्या पार दुसऱ्या टोकाला पोचले तवा बायका भरले हंडे घेऊन निघालत्या. माझा हंडा रांगेबाहेर आडवा पडलेला. टँकरच्या पाइपातनं शेवटची बारीक धार गळत होती. तिच्याखाली मी ती लोण्यानं माखलेली वाटी धरली, भरली, हंड्यात ओतली, पुन्हा धरली.

हितं वाटीनंच मिळत होतं.