दोन कॅमेरे आणि सोनुबाईचा धवला

हर्षलाचा निर्णय पेटी उघडायच्या आधीच झाला होता. हेमचंद्रकाकांच्या दोन कॅमेऱ्यांपैकी एक तिला मिळणार होता आणि तिला सेव्हन-डीच हवा होता. दुसराही हातात घ्यायचा, विचारात पडल्यासारखं करायचं, एवढा शिष्टाचार तेवढा उरला होता.

काकांनी कर्जतच्या बाजारात चौतीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवला. गेल्या दिवाळीत गुडघ्यांनी संप पुकारला आणि दुकान बंद झालं. हर्षला पळसदरीची, भातशेती करणाऱ्या घरातली. शेवटची तीन वर्षं ती काकांच्या हाताखाली होती. लाइट धरून, पडदे उचलून आणि वऱ्हाडाची बोलणी खाऊन ती हे काम शिकली. आता स्वतःच्या सुपाऱ्या घेत होती, पण कॅमेरा दरवेळी कुणाकुणाकडून मागून आणावा लागे. तिचे वडील म्हणायचे, मागून आणलेल्या बैलांवर कुणाची नांगरणी वेळेत झालीय?

काकांनी पेटी उघडली आणि दोन्ही कॅमेरे टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

"दोन्ही कॅननचे, दोन्ही पंधरा-सोळा वर्षांचे म्हातारे," ते म्हणाले. "बॅटरी दोघांना एकच चालते, कार्डही एकाच जातीचं. पण स्वभाव म्हणशील तर एक कुत्रा आणि एक मांजर."

"म्हणजे?"

"हा सेव्हन-डी म्हणजे कुत्रा. धावत्याच्या मागे धावतो. सेकंदाला आठ फोटो काढतो, त्याच्या तावडीतून कुणी सुटत नाही. पण उजेड कमी झाला की बावचळतो. फोटोवर रवा सांडल्यासारखे दाणे. आणि हे मांजर, फाइव्ह-डी मार्क टू. याचा आतला सेन्सर मोठा, म्हणून समईच्या उजेडातही याला दिसतं. पण पळायचं नाव काढू नकोस. सेकंदाला चार फोटो काढतानाही त्याच्या जिवावर येतं. अंगावर फ्लॅशसुद्धा नाही."

"काका, माझी कामं म्हणजे कबड्डी, अंडरआर्म क्रिकेट आणि हळदी. सगळं पळतंच असतं."

"ठाऊक आहे. तरी दोन्ही ने, दोन कामं करून बघ. नुसतं ऐकून कॅमेरा ठरवू नये. मला एकच हवाय, दुसरा तुझा. तीन वर्षं राबलीस, तेवढं माझ्याकडून."

हर्षलाला गलबलून आलं. पण काकांना असलं काही चेहऱ्यावर दिसलेलं आवडत नसे, म्हणून तिने पेटीचा पट्टा ओढून बघितला आणि वेळ निभावून नेली.

रविवारी लोधिवलीला कबड्डीची स्पर्धा होती. सेव्हन-डीने तिथे मैदान मारलं. मध्यरेषेला टेकणारा चढाईवाल्याचा हात, त्याच्या घोट्याला पडलेली मिठी, तोंडात गेलेली माती, सगळं नेमकं टिपलेलं. नियम म्हणून तिने छोटी लेन्स लावून एक चढाई फाइव्ह-डीवरही काढली. फोटोत रेषा होती, धूळ होती, खेळाडू मात्र निघून गेला होता. निकाल लागला, असं हर्षलाने मनातल्या मनात जाहीर करून टाकलं.

मंगळवारी सोमीमावशीचा फोन आला. मावशीचं गाव कशेळ्याच्या अलीकडे, आणि तिच्या मुलाचं, ओमकारचं, लग्न त्याच आठवड्यात होतं. हळदीचे फोटो अर्थातच हर्षलाकडे.

"हर्षला, आपल्या सोनुबायचा अरज परत आला गं," मावशी म्हणाली. "गानं म्हनतानाचे फोटो जोडा म्हनतात. सोमवारच्या आत."

सोनुबाई म्हणजे त्या सगळ्या पट्ट्यातली धवलारीण. तिथल्या लग्नात भटजी येतो, पण मान आधी धवलारणीचा. तिने धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाऊन देवांना नावानिशी बोलावल्याशिवाय लग्न लागत नाही. सोनुबाईने पन्नास वर्षांत किती लग्नं लावली याचा हिशेब तिलाही नव्हता. आता आवाज फाटू लागला होता. ओमकारचं लग्न शेवटचं, असं तिने सांगून टाकलं होतं. मूलबाळ नाही, शेत नाही, पुतणीच्या घरात एक कोपरा. म्हाताऱ्या कलावंतांना सरकारी मानधन मिळतं असं कळल्यावर सोमीमावशीने खटपट करून तिचा अर्ज भरला होता. तो फोटोंपायी अडला.

"एवढंच ना? काकांकडं शेकड्यानं असतील," हर्षला म्हणाली. "आजच घेऊन ठेवते."

काकांनी माळ्यावरून नमुन्याच्या फोटोंचे तीन खोके काढवले. दुपारभर दोघं फोटो चाळत बसली. हळदीने माखलेले नवरे शेकड्यांनी सापडले. करवल्या सापडल्या, बँडवाले सापडले, एका फोटोत तर मांडवात शिरलेली शेळी अगदी झकास आली होती. सोनुबाई मात्र कुठे नव्हती. एका फोटोच्या कडेला हिरव्या लुगड्याचा काठ होता. एकात नवऱ्याच्या कानामागे कोपर होतं. एकात तांदूळ धरलेला हात, तोही मनगटापर्यंत.

काकांनी शेवटचा खोका बंद केला.

"मीच म्हणायचो," ते म्हणाले. "मावशी, जरा बाजूला. प्रत्येक लग्नात. लोकांना नवरदेव स्वच्छ हवा असायचा. पुढेपुढे तर मला बोलावंही लागायचं नाही. कॅमेरा डोळ्याला लावला की ती आपणहून सरकायची."

हर्षलाने खोक्याला दोरी बांधली. गेली तीन वर्षं तीसुद्धा हेच म्हणत होती, फक्त मावशीच्या जागी आजी म्हणत होती.

हळदीच्या दिवशी दुपारी मावशीच्या अंगणात गाणी लागली आणि ओमकारच्या मित्रांनी नाचून जमीन दणाणून सोडली. सेव्हन-डी हर्षलाच्या हातात सुटला होता. उन्हात उडणारी हळद, घागर घेऊन पळणाऱ्या बाया, चिखलात आपटलेला ओमकारचा चुलतभाऊ, एकही क्षण हुकला नाही. मग आतून हाक आली, देवांना बोलवायची वेळ झाली.

आतल्या खोलीला खिडकी नव्हती. समई होती, आणि एक पिवळा बल्ब, तोही असून नसल्यासारखा. ओमकार पाटावर बसला. त्याच्यामागे, भिंतीला टेकून, सोनुबाई. तिने डोळे मिटून पहिला धवला धरला. आवाज फाटका होता, पण बायका एका क्षणात गप्प झाल्या.

हर्षलाने सेव्हन-डीचा फ्लॅश उघडला आणि बटण दाबलं. लखकन उजेड पडला, कॅमेरा खडखडला. सोनुबाईने डोळे न उघडताच अंग चोरलं आणि गात गात हातभर सरकून ती भाताच्या कणगीआड गेली. इतक्या वर्षांची सवय ती. हर्षलाने पुन्हा काढला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर ओमकारचे पिवळे खांदे होते, आणि मागे रिकामी भिंत. फ्लॅश मिटून काढला तर सगळा नुसता रवा. त्यात बाई कुठली आणि कणगी कुठली, कळेना.

देवांना बोलवायचे धवले लग्नात एकदाच होतात. धवले संपले की संपलंच. सोनुबाईला पुन्हा गायला बसवून नाटकाचे फोटो काढता आले असते, पण धवला खोटा म्हणत नाहीत. देव खरेच येतात आणि मग त्यांना काय सांगणार?

तिने फाइव्ह-डी काढला. घाईत कबड्डीची लांब लेन्स त्याला लावायला गेली तर ती बसेना. सेव्हन-डीची लेन्स होती ती, मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर चढत नाही, हे काकांनी दहादा सांगितलेलं. पेटीच्या तळाशी काकांची जुनी पन्नास मिलिमीटरची छोटी लेन्स होती. ती बसली. डोळ्याला लावलं आणि तिला समईचा उजेड दिसला, कणगीचं मातीचं अंग दिसलं, कणगीआडून बाहेर आलेले सोनुबाईचे दोन गुडघे दिसले. आणि या सगळ्याच्या मधोमध ओमकार.

"ओमकारदादा, जरा बाजूला हो," हर्षला म्हणाली.

बाजूला हा शब्द ऐकला मात्र, सोनुबाई गाणं थांबवून भिंतीच्या आधाराने उठायला लागली. तिला वाटलं, आणखी सरकायला सांगतायत. तोंडावर राग नाही की काही नाही. पदर सावरून बिचारी खोलीबाहेर निघाली होती.

"आजी, तू नाय गं!" हर्षला जवळजवळ ओरडलीच. "तू बस. तो सरकंल. नवऱ्याला सरकू दे."

खोलीत कुजबुज उठली. सोमीमावशी पुढे झाली. "अगं बाय, नवरदेवाला बाजूला करतंस?"

"त्याचे चारशे फोटो काढले मी दुपारपास्नं. आजीचा एक नाय."

ओमकार गुणी पोरगा. पाट उचलून हसत हसत तो भिंतीकडे झाला. "बस आजी," तो म्हणाला. "आज तुजा नंबर."

सोनुबाई कणगीच्या पुढे येऊन बसली. तिने एकदा सगळ्यांकडे पाहिलं, जणू हे थट्टेत चाललंय की खरं याचा अदमास घेत होती. मग पुन्हा डोळे मिटले आणि सोडल्या ठिकाणाहून धवला उचलला. फाइव्ह-डीने आपल्या संथ चालीने काम सुरू केलं. एक फोटो. थांब. दुसरा. मांजराला घाई नव्हती आणि सोनुबाईलाही नव्हती. आवाज चढला तेव्हा तिच्या गळ्याची शीर ताणली, कपाळावरचं गोंदण समईच्या उजेडात दिसलं, तांदळाची मूठ वर गेली. नेमकं तेव्हाच कार्ड भरलं. काकांचं जुनं, लहान कार्ड ते.

हर्षला घाईघाईने कार्ड बदलायला लागली. झाकण उघडेना, नवं कार्ड सापडेना, सापडलं ते उलटं बसायला लागलं. धवला आता शेवटच्या देवापाशी आलाय एवढं तिला कळत होतं. पण तो संपला नाही. सोनुबाईने खालापूरच्या देवाला बोलावलं. मग चौक गावच्या. मग पळसदरीच्या देवीलाही बोलावलं, जिचं या घराशी काही नातं नव्हतं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कार्ड बसलं, झाकण मिटलं, हर्षलाने कॅमेरा डोळ्याला लावला, आणि सोनुबाईने तांदूळ उधळून धवला पुरा केला. तो फोटो सगळ्यांत चांगला आला.

जेवणं झाल्यावर हर्षला तिच्याजवळ जाऊन बसली.

"आजी, आज धवला मोठा झाला गं. पळसदरीची देवी कशाला बोलावलीस?"

"तुजा रोल संपला हुता ना," सोनुबाई म्हणाली. "डोलं मिटलं तरी कानाला कलतं. झाकन वाजतं. तुजा तो कर्जतवाला मास्तर यायचा तवा पन असंच. त्याचा रोल संपला का मी आनखी दोन गावचं देव बोलवायची. त्याचं झालं का मंग सोडायची. गरीब मानूस, एक फोटो हुकला तर लोक त्याला बोलतील."

शेजारी बसलेल्या सोमीमावशीने सोनुबाईचा हात हातात घेतला. हर्षलाने वाकून तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

लग्न पार पडलं आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती कर्जतला काकांकडे गेली. काकांनी सोनुबाईचा फोटो लॅपटॉपवर मोठा करून बराच वेळ पाहिला.

"आता मांजर नेणार तर," ते म्हणाले.

"नाही काका. सेव्हन-डी नेते. मेपर्यंत दर रविवारी कबड्डी नाहीतर क्रिकेट आहे, माझं पोट त्याच्यावर आहे. हा फाइव्ह-डी तुमच्याकडेच राहू दे. लागला की मागायला येईन."

काका खूश झाले. "मला वाटलं, भावनेच्या भरात चुकीचा नेशील. शिकलीस हो."

मग हर्षलाने रोलची गोष्ट सांगितली. सांगू की नको, असं रस्ताभर चाललं होतं तिचं. काका ऐकत राहिले. ऐकता ऐकता त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"चौतीस वर्षं मी बढाई मारली," ते म्हणाले. "हेमचंद्रचा हात इतका जलद की रोल बदलताना एक क्षण हुकत नाही. लोक मला त्यासाठी लांबून बोलवायचे. स्टुडिओ त्याच्यावर उभा राहिला, पोरांची शिक्षणं त्याच्यावर झाली. आणि ती तिथे देवांना रांगेत उभं करून माझी वाट बघत होती. आणि मी तिला काय म्हणत होतो?"

त्यांचे डोळे भरून आले, आणि या वेळी त्यांनी ते लपवले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी कागद ओढला आणि अर्जाला जोडायला एक पत्र लिहिलं. आधी 'सदर कलावंत' वगैरे लिहून पाहिलं, ते फाडलं. मग साधं लिहिलं. चौतीस वर्षं मी यांच्यासमोर काम केले आहे. यांचे गाणे थांबत नसे म्हणून माझे काम कधी अडले नाही. माझ्या घरात जे आहे त्यात यांचा वाटा आहे. खाली सही केली, स्टुडिओचा जुना शिक्का मारला.

"उद्या अर्ज द्यायला जाशील, तेव्हा मला तिच्याकडे सोडशील?" त्यांनी विचारलं. "गुडघा सरळ ठेवला तर तुझ्या स्कूटरवर बसता येईल मला."

"येईल की. फाइव्ह-डी घेऊ का बरोबर?"

"नको," काका म्हणाले. "इतकी वर्षं तिथे होतो आणि एक धवला पुरता ऐकला नाही. नुसता जातो. तिच्या पाया पडतो, आणि तिचा आवाज असेल तेवढा वेळ समोर बसून ऐकतो."

हर्षलाने सोमीमावशीला फोन लावला आणि सांगितलं, उद्या सोनुबाईकडे दोघंजण येतोय.