गुलाबरावांच्या गोठ्यातला ऑटो

मित्रांनो, मी एक जुना ऑटो आहे. माझ्या पोटात ना पेट्रोल, ना डिझेल. मी विजेवर चालतो. तुम्ही जेवून झोपता, मी झोपेत जेवतो. भिंतीवरच्या बटणापासून निघालेली काळी वायर माझ्या कुशीत येते, माझा डोळा लागतो आणि वीज हळूहळू अंगात उतरते. ती कुठून कुठून आलेली असते. कधी कोळशाच्या धगीतून, कधी धरणाच्या पाण्यातून, कधी दूरच्या माळावर उन्हात मांडलेल्या काळ्या काचांमधून. माझी स्वप्नंही तशीच पडतात. कोळशाची वीज आली की मला खोल खाणी दिसतात, पाण्याची आली की मी पोहत असतो. पोहता मला मुळीच येत नाही, पण स्वप्नात कोण विचारतो?

माझा जन्म पुण्याकडच्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. पांढरे दिवे, हातमोजे घातलेले हात आणि ओल्या पोपटी रंगाचा वास, एवढंच. त्या वर्षी सरकारने आणि आमच्या कंपनीने हातमिळवणी केली होती. धुराच्या गाड्या कमी व्हाव्यात, विजेच्या वाढाव्यात, त्या खेड्यांतही धावाव्यात आणि चालवणाऱ्या बायका असाव्यात, असा बेत होता. सरकारने मदत करायची, कंपनीने ऑटो द्यायचे आणि बचत गटाच्या बायकांनी ते चालवून दाखवायचे. बुलढाण्याला मोठा मांडव पडला. फीत कापली, भाषणं झाली. भाषणांत माझं नाव इतक्या वेळा आलं, की मी कुणी थोर पुरुष आहे असं मला वाटू लागलं.

मांडव उतरला तेव्हा अट कळली. वर्षभर चाचणी होणार होती. ऑटो नीट चालला, लोक बसले, तर कंपनी गावात चार्जिंगचं केंद्र उभारणार आणि ऑटो चालवणारीच्या नावावर होणार. नाहीतर तो उचलून दुसऱ्या तालुक्यात, संग्रामपूरकडे, पाठवणार.

मला देऊळघाटच्या सारिकाच्या हाती दिलं. तिचा नवरा संघपाल जालन्याला कारखान्यात कामाला होता, महिन्याकाठी एकदा यायचा. ती लोकांच्या वावरात सोयाबीन सोंगायला जायची. परवाना हातात आला त्या दिवशी तिने मला गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर नेलं आणि एकटीच हसत सुटली. पुढे एकदा माझी काच पुसताना ती मला म्हणाली, "आंधी मले लोकं संघपालची बायको म्हनत. आता ऑटोवाली सारिका म्हनतात. तू गेला तर मी पुन्हा बिननावाची." तेव्हापासून संग्रामपूर हा शब्द ऐकला की माझ्या चाकांतलं बळ जायचं. गाव चांगलंच असेल, त्याचा काय दोष? पण मला सारिकाला सोडून जायचं नव्हतं.

राहायला मला गोठा मिळाला. घरातलं विजेचं एकमेव धड बटण तिथेच होतं. गोठा सारिकाचे सासरे गुलाबराव यांचा. जन्म बैलांमागे गेलेला माणूस. बैल आता नव्हते, पण शेणाचा आणि कडब्याचा वास भिंतींत मुरलेला होता. पहिल्या संध्याकाळी गुलाबराव माझ्याभोवती फिरले, चाकाला हात लावला, दिव्यांत डोकावले आणि म्हणाले, "वशिंड नाई बे तुले." मग त्यांनी माझ्या टपावरून हात फिरवला. त्या हाताने मला अशी गुंगी आली, की त्या दिवशी वीज यायच्या आधीच मी झोपलो.

सुरुवातीचे महिने मात्र वाईट गेले. मी आवाज करत नाही, हाच माझा गुन्हा ठरला. आमच्याकडे लोक घरात बसून ऑटोचा आवाज ऐकतात आणि मग चपला घालतात. मी स्टँडवर कधी आलो आणि कधी गेलो, कुणाला कळायचंच नाही. वच्छलाबाई म्हणून एक म्हातारी भाजी विकायला बुलढाण्याला जायची. मी एकदा तिच्या पाठीशी जाऊन उभा राहिलो, तर ती दचकून म्हणाली, "काय व सारिका, हे भुतावानी येते!" उत्तमराव हे डिझेलच्या ऑटोचे मालक, स्वभावाने मोकळे. ते म्हणायचे, "सारिका, याले एखादी घंटी बांध गड्या."

पण हळूहळू एक गंमत झाली. मी गप्प असल्यामुळे माणसं बोलू लागली. डिझेलच्या ऑटोत ओरडून दोन शब्द व्हायचे. माझ्यात बसून बाया सुनांची गाऱ्हाणी सांगायच्या, कॉलेजच्या मुली कुजबुजायच्या, दमलेले मजूर चक्क घोरायचे. मी सगळं ऐकायचो आणि पोटात ठेवायचो. वच्छलाबाई तर माझ्याशिवाय कुणात बसेना. दोन्ही बाजूंच्या वावरांतून वारा यायचा, माझी चाकं रस्त्यावर नुसती सळसळायची, आणि कधी कधी मला कळायचं नाही की मी जागा आहे की अजून गोठ्यात स्वप्न पाहतो आहे.

चाचणीचं वर्ष संपत आलं तेव्हा पोळा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कंपनीच्या मधुवंती मॅडम आणि बुलढाण्याचे एक साहेब तपासणीला येणार होते. माझ्यात बसून ते बुलढाण्याला जाणार आणि मग काय ते ठरवणार.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी फार राबलो. घुंगरं, झुली, बेगडाची बाशिंगं घ्यायला अख्खं गाव बुलढाण्याला निघालं होतं. संध्याकाळी मी गोठ्यात आलो तो पार उपाशी. सारिकाने वायर लावली आणि ती पुरणाची डाळ निवडायला गेली. मग गुलाबराव आले. त्यांच्या हातात वाटी होती. वाटीत हळद कालवलेलं लोणी, आणि दुसऱ्या हातात पळसाचं पान. मित्रांनो, त्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात आणि त्यांना जेवणाचं आमंत्रण देतात. गुलाबरावांनी पळसाच्या पानाने माझ्या हँडलच्या दोन्ही बाजूंना लोणी चोळलं आणि हळूच म्हणाले, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

सारिका दारातून पाहत होती. ती हसून म्हणाली, "मामाजी, आपन तं देवदेव करत नाई."

"हा देवाचा सन नोय," गुलाबराव म्हणाले. "कष्टाचा हाय. जो राबते, त्याचा."

मला भरून आलं. माझं नाव भाषणांत पुष्कळदा आलं होतं, पण आमंत्रण कुणी दिलं नव्हतं.

सारिका आत गेल्यावर गुलाबराव थोडा वेळ माझ्याजवळ बसले. वीज आत जाताना माझ्या अंगातून बारीक गुरगुर येते. ती त्यांनी कान देऊन ऐकली आणि त्यांचं मन कळवळलं. त्यांना वाटलं, बिचारा दिवसभर पळतो आणि वायर लावली की उभ्या उभ्या पुन्हा राबतोच आहे. "काऊन बे, तुले इसावा नाई का?" असं म्हणून त्यांनी वायर काढली, नीट गुंडाळून खुंटीला अडकवली आणि माझ्या अंगावर बैलांची जुनी भरजरी झूल टाकली. उद्या तर काम नाहीच. काम नाही केलं तर भूक कशाची लागेल? असा त्यांचा हिशेब, आणि बैलाच्या बाबतीत तो खोटाही नसावा. मी किती उपाशी आहे, हे सांगायला मला तोंड नव्हतं.

पोळ्याचा दिवस मी झुलीखाली काढला. बाहेर सनई वाजत होती, बैल तोरणाखालून जात होते. सारिकाने येऊन माझ्यापुढे पुरणपोळीचं ताट धरलं, झुलीवरून हात फिरवला आणि ती गेली. झुलीमुळे वायर काढलेली आहे, हे तिला दिसलं नाही. विजेविना पडलेलं ते माझं पहिलं स्वप्न. मी गाड्याला जुंपलेला होतो, शेजारी एक पांढरा बैल चालत होता, आणि तो मला म्हणत होता की घाई कसली आहे.

सकाळी पाहुणे आले. गल्लीत पोरं लाकडी बैल ओढत तान्ह्या पोळ्याला निघाली होती. सारिकाने नवी साडी नेसली होती. तिने झूल काढली, चावी फिरवली आणि माझ्या पडद्यावर लाल खूण लुकलुकू लागली. बुलढाणा सोडा, गावची वेस ओलांडण्याइतकाही जीव माझ्यात नव्हता.

सारिकाचा चेहरा उतरला. तिने खुंटीवरची वायर पाहिली, सासऱ्यांकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं. साहेब घड्याळ पाहू लागले.

मधुवंती मॅडमनी सहज विचारलं, "काल लाईट नव्हती का?"

"नव्हती," सारिका पटकन म्हणाली. म्हाताऱ्या माणसाला चारचौघांत कशाला उघडं पाडायचं, एवढाच तिचा विचार.

साहेब म्हणाले, "मग अवघडच आहे. सणाच्या दिवशी लाईट टिकत नसेल, तर इथे केंद्र टाकून काय करायचं? संग्रामपूरचं बघू."

तेव्हा गुलाबराव पुढे आले. "लाईट होती साहेब. पोरगी माह्यासाठी खोटं बोलून राह्यली. वायर म्या काढली. पोळा होता. मले वाटलं, एक दिवस यालेही इसावा द्यावा." मग ते सारिकाकडे वळले. "चुकलं माय माहं."

साहेबांना हसू आलं होतं, पण मधुवंती मॅडम हसल्या नाहीत. माझ्या हँडलवरच्या लोण्याच्या डागाला त्यांनी बोट लावलं. मग त्या म्हणाल्या, "लावा वायर. जेवू दे त्याला. आपण थांबू."

मित्रांनो, माझं जेवण म्हणजे चहाचा घोट नव्हे. पाहुणे गोठ्याच्या ओट्यावर बसले, शिळ्या पुरणपोळ्या खात राहिले. मी डोळे मिटले, पण झोप कुठली येते? स्टँड समोरच होतं. उत्तमरावांचा ऑटो घुर्र घुर्र करत उभा होता आणि ते "बुलढाणा, बुलढाणा" ओरडत होते. तेवढ्यात वच्छलाबाई भाजीची पाटी घेऊन आली, गोठ्यात डोकावली, "अजून जेवतेच का हे?" म्हणाली आणि दारातच बसली. मागून दोन कॉलेजच्या मुली आल्या, त्याही थांबल्या. एक बाई तान्हं मूल घेऊन आली. हळूहळू गोठ्यापुढे घोळकाच जमला. उत्तमरावही शेवटी इंजिन बंद करून आले आणि म्हणाले, "आता मीबी पायतो, काय हाय एवढं याच्यात."

मधुवंती मॅडमनी विचारलं, "आजी, समोर गाडी उभी आहे. भाजी सुकेल तुमची. तुम्ही कशाला थांबलात?"

"सुकन तर सुकन," वच्छलाबाई म्हणाली. "माहे गुडघे गेले, बाई. मले चढाले टाइम लागते. बाकीचे ऑटो घुर्र घुर्र करतात, माह्या जीवाची घाई होते. हे मुकाट उभं राह्यते. मी बसली का मंगच ही पोरगी निंगते. वर्षभर ते माह्यासाठी थांबलं, मी एक दिवस नाई थांबू?"

मला तेव्हा रडता येत असतं, तर मी रडलो असतो. माझी शांतता म्हणजे माझं व्यंग, असं मी वर्षभर समजत आलो होतो.

ऊन वर आलं तेव्हा आम्ही निघालो. वच्छलाबाईला मॅडमनी हात धरून चढवलं. वाटेत साहेबांना डुलकी लागली. बुलढाण्याला उतरताना मॅडम सारिकाला म्हणाल्या, "केंद्र देऊळघाटलाच होईल. आणि आजोबांना सांगा, पोळ्याला मान जरूर द्या, पण जेवण तोडू नका." मॅडम दिसेनाशा होईपर्यंत सारिका हँडलवर डोकं टेकून बसली होती.

त्याला आता काही वर्षं झाली. केंद्र झालं, मी सारिकाच्या नावावर झालो, आणि पुढे उत्तमरावांनीही विजेचा ऑटो घेतला. सारिकाने मागच्या साली नवा, मोठा ऑटो आणला. माझी बॅटरी थकली आहे. पूर्वी रात्रभरात पोट भरायचं, आता सकाळ टळते तरी भरत नाही, आणि भरलं तरी वावरापर्यंत जाऊन परत येण्यापुरतंच. महिनोन्‌महिने मी धूळ खात उभा होतो. एका सकाळी भंगारवाला दारात आला. तेव्हा गुलाबराव काठी टेकत बाहेर आले आणि त्याला म्हणाले, "माहा शेवटचा बैल म्हातारा झाला, तं म्या बजारात नेऊन इकला. जाताना त्यानं वळून पाह्यलं होतं. हा नाई जाणार." भंगारवाला गेला. गुलाबराव बराच वेळ माझ्या टपाला हात लावून उभे होते, आणि मला कळलं की एवढी वर्षं ते माझ्याशी बोलताना आणखी कुणाशी तरी बोलत होते.

आता रोज सकाळी ते वावरात जायला निघतात. सारिका म्हणते, "मामाजी, नव्या ऑटोत बसा ना, आत्ता सोडते." ते माझ्याजवळ बाज ओढून बसतात आणि म्हणतात, "तू जाय, एक फेरी मारून ये. तवर याचं भरू दे. मी थांबतो."

मित्रांनो, तुमच्या घरीही कुणी म्हातारं असेल. माणूस असेल, जनावर असेल, नाहीतर माझ्यासारखं यंत्र. त्याला भरायला वेळ लागतो. टाकून देण्याआधी त्याच्याजवळ थोडं बसा. मी डोळे मिटतो, वीज येऊ लागते, आणि पलीकडे बाजेवर गुलाबरावांनाही हळूच डुलकी लागते.