घासून काढलेलं नाव

आजोबांनी तलवार टॅम्सिनला दिली, मला नाही. याला दीड वर्ष होऊन गेलं, आणि अजूनही मला ते खुपतं.

टॅम्सिन माझी चुलतबहीण, नौदलात लेफ्टनंट. आमचे पणजोबा अल्बर्ट हॉकिंगही नौदलातलेच. जहाजाच्या भट्टीत कोळसा टाकता टाकता ते अधिकारी झाले, आणि तलवार त्यांची. म्हणजे ती टॅम्सिनकडेच जाणार, असं टॉरपॉइंट गावातलं आमचं सगळं घर म्हणालं. पण दर शनिवारी आजोबांच्या शेडमध्ये कोण बसायचं? मी. आजोबा गोदीत फिटर होते. कानस पुढे नेताना दाबायची, मागे आणताना उचलायची, हे त्यांनी मला नवव्या वर्षी शिकवलं. टॅम्सिनला अजून सुरीला धार लावता येत नाही.

तिच्या लग्नाच्या तीन आठवडे आधी ती स्वतःच तलवार घेऊन माझ्याकडे आली. नौदलाच्या रिवाजाप्रमाणे लग्नाचा केक तलवारीनेच कापायचा होता आणि पात्यावर गंजाचे ठिपके पडले होते.

"लोवेना, तुझ्या प्रयोगशाळेत करून दे ना. तुला असल्या गंजक्या वस्तूच आवडतात."

"नवराही घासून देऊ का?"

"तो गंजत नाही गं, नुसता लोळतो."

मी धातूंवर काम करते. त्यामुळे आधी मोजमाप, मग सफाई. मुठीपासून चार बोटांवर, जिथे अधिकारी आपली आद्याक्षरं कोरून घेतात, तिथे काहीच नव्हतं, आणि पातं दोन दशांश मिलिमीटरने पातळ होतं. दिवा आडवा धरला तेव्हा कानशीचे ओरखडे दिसले. त्यांच्याखाली एका E च्या आडव्या रेघा होत्या आणि अर्धा N. अल्बर्ट हॉकिंगच्या आद्याक्षरांत हे दोन्ही कुठे बसतात?

पात्याच्या पाठीवर बनवणाऱ्यांचा क्रमांक होता. त्यांच्या जुन्या नोंदी जिथे जपल्या आहेत तिथे मी पत्र लिहिलं. चार दिवसांत उत्तर आलं: १९०३, लेफ्टनंट एडमंड नॅनकिव्हेल. पणजोबा तेव्हा तीन वर्षांचे होते.

मला आनंद झाला. चांगला आनंद नव्हता तो. टॅम्सिनकडे जे होतं ते खरं नव्हतंच, आणि हे फक्त मला माहीत होतं. पत्र मी लग्नाच्या दिवसापर्यंत पर्समध्ये ठेवलं.

जेवणानंतर, केक बाहेर नेण्याआधी, मी तिला हॉलच्या स्वयंपाकघरात गाठलं. उरलेल्या खिमा-बटाट्याच्या पॅस्टींचे ट्रे बाजूला सारून तलवार तिथे ठेवली होती.

"ही मुळात पणजोबांची नाही," मी म्हणाले. "दुसऱ्या कुणाची तरी जुनी तलवार त्यांनी घेतली, आणि त्याची अक्षरं घासून टाकली."

ती डोक्यावरच्या जाळीची टाचणी नीट करत होती. हात थांबलासुद्धा नाही. "माहीत आहे मला. आजोबांनी सांगितलं होतं."

मग तिने सगळं सांगितलं. नवी तलवार पणजोबांना परवडणारी नव्हती. अधिकाऱ्यांच्या भोजनगृहात कुणीतरी ती अक्षरं वाचून विचारलं, कपडेही त्याचेच का? घरी आल्यावर पणजोबांनी कानस घेतली. आजोबांना आयुष्यभर त्याची लाज वाटली.

"मग मला का नाही सांगितलं?"

"म्हणाले, लोवेनाला दिली तर ती शोधून काढेल. तू काय, तू केक कापशील."

म्हणजे तलवारही तिला आणि गुपितही तिलाच. आणि कारण काय, तर त्यांनी मला शिकवलेलं काम मला नीट येत होतं.

"पण तो माणूस कोण, ते आजोबांनाही माहीत नव्हतं," ती म्हणाली. "तुला सापडलं?"

"नाही," मी म्हणाले. पर्स माझ्या काखेत होती. टॅम्सिनकडे नसलेली एक तरी गोष्ट आता माझ्याकडे होती.

काकांनी, म्हणजे टॅम्सिनच्या वडिलांनी, भाषणात पणजोबांची तलवार, पणजोबांची तलवार असं सात वेळा म्हटलं. पातं केकवरच्या बदामाच्या थरात अडकलं, सगळे हसले. मग टॅम्सिनने ते माझ्या हातात दिलं. "पूस गं, नाहीतर परत गंजेल."

मी फडका फिरवला. अंगठा त्या पातळ जागेवर गेला. दिवा नव्हता, तरी ओरखडे कसे होते ते मला पाठ होतं. पणजोबांनी कानस जातानाही दाबली होती आणि येतानाही. धातूचं काम येणारा माणूस असं करत नाही. आणि मघाशी स्वयंपाकघरात "नाही" म्हणून मीही तेच नाव पुन्हा घासलं होतं.

"एडमंड नॅनकिव्हेल," मी म्हणाले. "लेफ्टनंट. एकोणीसशे तीन."

तिने माझ्याकडे पाहिलं. "मघाशी तर नाही म्हणालीस."

"मघाशी द्यायचं नव्हतं."

 ती ग्लास उचलून खुर्चीवर चढली आणि तलवारीची सगळी हकिकत तिने भरल्या हॉलला सांगितली. पणजोबांची कानससुद्धा. शेवटी सगळ्यांना उभं करून ते नाव म्हणायला लावलं. खूप टाळ्या पडल्या. काकांचे डोळे भरून आले, त्यांनी तिला जवळ घेतलं आणि म्हणाले, पोरीने शोधलं बघा.

तिने ते खोडून काढलं नाही. मी पातं पुसत राहिले. ते केव्हाच कोरडं झालं होतं.