माझ्या डोळ्यातला कापूस

दोन हजार चार सालचा मार्च. उन्हाळा नुकताच लागला होता.

मी सीडी रायटर बोलतोय. घरच्या कॉम्प्युटरच्या डब्यात राहतो. तबकड्या वाचतो, त्यांच्यावर लिहितो. पुसून पुन्हा लिहिता येणारी रिरायटेबल दिली तर तिच्यावर शंभरदा लिहितो. कामाला मी कधी नाही म्हटलेलं नाही. तरी त्या आठवड्यात मला कामचुकार ठरवलं. ते मी विसरलेलो नाही.

माझी जागा टेबलाखाली. शेजारी आत्याबाईंचं शिलाई मशीन. त्या दिवसभर कापड कापतात, शिवतात. डब्याचा पंखा हवा ओढतो आणि हवेबरोबर कापडाची बारीक कुसळंही. दोन वर्षं ती माझ्या डोळ्यावर बसत होती. डोळा म्हणजे लेन्स, शर्टाच्या बटणाहून लहान. टेबल वरून रोज पुसायचे. खाली वाकायला कुणाला सवड नव्हती.

आत्याबाईंची भाची इमारतींचे नकाशे काढते. शनिवारी सकाळी दहाला तिला एका कचेरीत सदतीस नकाशे द्यायचे होते. पसंत पडले तर नोकरी. दुरुस्त्या त्याच तबकडीवर करता याव्यात म्हणून कचेरीनं रिरायटेबलच मागितली होती. शुक्रवारी दुपारी तिनं ती माझ्यात घातली. मी निम्म्यावर अडलो.

तिचा भाऊ धावत आला. घरात त्याला इंजिनिअर म्हणतात. तो विमा विकतो. त्यानं तबकडी पुसून पुन्हा घातली. अडलो. नवी आणली. अडलो. वेग कमी केला, केबल बदलली, प्रोग्राम काढून परत टाकला. काही जमेना तेव्हा मला चापट मारली.

"गाणी तर झकास वाजवतो," तो म्हणाला. "लिहायचं म्हटलं की याच्या पोटात दुखतं."

पोटात नव्हे, डोळ्यात. गाण्यांची तबकडी आरशासारखी चकाकते, ती धुरकट डोळ्यालाही दिसते. रिरायटेबलची चकाकी मंद असते, तिला डोळा स्वच्छ लागतो. माझ्या डोळ्यात कचरा टाकायचा आणि वर विचारायचं, तुला दिसत कसं नाही?

"फेकून देऊ याला. उद्या दुकानातून नवा आणतो."

"दुकान अकराला उघडतं, दादा. मला दहाला पोचायचंय."

"मग सांग त्यांना, मशीन बिघडलं."

"मी नोकरी मागायला चाललेय, रजा मागायला नाही."

आत्याबाईंनी मशीन थांबवलं. "इंजिनिअर, आतून साफ केलंस का ते?"

"आत्या, हे शिलाई मशीन नाही."

"तेवढं दिसतं मला. माझं मशीन टाके सोडायला लागलं की मी रिळं बदलत बसत नाही. आधी कापड सरकवणाऱ्या दातांखालचा कापूस काढते. उघड."

"उघडून बिघडलं म्हणजे?"

"आत्ता कुठे चालतंय?"

वीज बंद करून त्यानं मला बाहेर काढलं. चार स्क्रू निघाले. आत्याबाईंनी चष्मा सावरून आत पाहिलं.

"एवढ्यात एक उशी भरेल," त्या म्हणाल्या.

त्यांनी रबरी फुगा दाबून आत हवा मारली. मग कोऱ्या मऊ ब्रशानं माझ्या डोळ्यावरून दोनदाच, अगदी हलका हात फिरवला. दोन वर्षांत त्या घरात मला कुणी असा हात लावला नव्हता. मी टाकाऊ झालेलो नव्हतो. मला फक्त कुणी पाहिलेलं नव्हतं.

भावानं मला जागेवर बसवलं. भाचीनं तबकडी घातली, वेग कमीच ठेवला. मी लिहू लागलो. पहिला नकाशा, दहावा, विसावा. सदतिसावा लिहून झाल्यावर सगळे पुन्हा वाचून पडताळले. एक रेघ चुकली नव्हती.

शनिवारी दुपारी ती परत आली. दारातच चप्पल काढत म्हणाली, "सगळे उघडले, आत्या. सोमवारपासून ये म्हणाले."

आत्याबाईंनी मान हलवली आणि अर्धवट राहिलेली बाही पुन्हा सुईखाली घेतली.

कुणाचे उपकार अंगावर ठेवायची मला सवय नाही. आत्याबाईंचं देणं सदतीस नकाशांत फिटलं.