मुरघासाचा कोपरा

गाय अडली की थोरलीला बोलवायचं, हे वीस वर्षं ठरलेलं होतं. वासरू आडवं आलेलं असो, वार पडत नसो, म्हशीनं पान्हा चोरलेला असो, माणसं आधी थोरलीच्या दारात यायची आणि मग गुरांच्या डॉक्टरकडे जायची. थोरली लगेच उठायची नाही. आधी दोन शब्द सुनवायची, "चार दिवस काय करत होतात? जनावर मुकं आहे, तुम्हाला तर तोंड आहे ना?" आणि मग बाह्या वर सारून निघायची. तिचं शिक्षण चौथीत थांबलं होतं, पण नाक कुठल्या डॉक्टरला नसेल असं. गाईच्या तोंडाचा वास घेऊन पोट सांगायची, दुधाचा वास घेऊन कास सांगायची. हात आणि नाक, एवढाच तिचा दवाखाना.

मग धाकट्या दिराचं लग्न झालं आणि धाकटी घरात आली.

अंगण एकच होतं. फाटकातून आत आलं की उजवीकडे थोरलीचा गोठा, पाच गाई. डावीकडे धाकटीचा, तीन. मधे पाण्याचा हौद. धाकटी बोलायला गोड, चालायला हळू, आणि तिच्या हातात कायम एक निळी वही. डेअरीनं भरवलेल्या आठ दिवसांच्या शिकवणीला जाऊन आली तेव्हापासून ती वही आली होती. कुठली गाय कधी माजावर आली, कधी भरवली, लस कधी, जंताचं औषध कधी, सगळं त्यात. ताप बघायला थर्मामीटर. धार काढून झाली की सडं एका पेल्यातल्या तांबड्या औषधात बुडवायची.

"कासेला आंघोळ घालते की काय ही," थोरली नवऱ्याला म्हणाली होती.

नवरा हातातली दोरी वळत म्हणाला, "तिच्याकडे वर्षभर कुणाची कास सुजली नाही म्हणे."

त्या दिवशी नवऱ्याला चहा फिका मिळाला.

खरं दुखणं वेगळंच होतं. थोरलीला गोठ्यात बसून फाटकाचा आवाज ऐकायची सवय होती. फाटक करकरलं की पावलं उजवीकडे वळायची. धाकटी आल्यावर तिसऱ्या-चौथ्या वर्षी पावलं हौदापाशी घोटाळायला लागली. आणि आता तर सरळ डावीकडे. "वहिनी, आमच्या गाईचा दिवस बघा ना वहीत." थोरली शेण भरता भरता ऐकायची आणि घमेलं असं आदळायची की पाचही गाई माना वर करायच्या.

या वर्षी पाणी लवकर आटणार हे सगळ्यांना दिसत होतं. हिरवा चारा दोन महिन्यांत संपणार आणि पुढचे तीन महिने नुसती वाळली वैरण. थोरलीच्या पाच गाईंना ती पुरणारी नव्हती. नवऱ्यानं एकदा जेवताना हळूच विषय काढला, "एखादी काढावी लागेल." काढायची म्हणजे ठिपकीच, कारण गिऱ्हाईक तिलाच होतं. ठिपकी थोरलीनं स्वतःच्या हातानं ओढून जन्माला घातलेली, आता सहा महिन्यांची गाभण.

"ठिपकीचं नाव काढलंत तर आधी मला बाजारात उभी करा," थोरली म्हणाली.

"तुला गिऱ्हाईक कुठून आणू," नवरा म्हणाला आणि ताट उचलून मोरीकडे गेला.

त्याच आठवड्यात धाकटीनं अंगणामागे खड्डा खणायला घेतला. मका चिकात, दाणा दुधाळ असतानाच कापायचा, बारीक कुट्टी करायची, खड्ड्यात थर देऊन दाबायचा, वर प्लास्टिकचा जाड कागद आणि कागदावर माती. आत हवा राहता कामा नये. दीड महिन्यात त्याचा मुरघास होतो आणि कोरड्या दिवसांत गाईंना तो हिरव्या चाऱ्यासारखा चालतो. डेअरीवाल्यानं दहा-बारा घरची माणसं बघायला आणली होती. धाकटी सगळ्यांना सांगत होती, "एकदा झाकला की पंचेचाळीस दिवस हात लावायचा नाही. डोकावायचंही नाही."

थोरली हौदावर पाय धूत होती. अर्धा तास तेच पाय धूत होती. पंचेचाळीस दिवसांचं तिनं ऐकलं आणि मनात म्हणाली, वहीतली बाई. न बघता, न हुंगता कधी काही कळतं का?

विचारायला मात्र गेली नाही. जीभ झडली असती. पण तिसऱ्या दिवशी तिच्याही गोठ्यामागे खड्डा तयार होता. धाकटीनं तुडवायला चार बाया लावल्या, थोरलीनं सहा. धाकटीनं वर माती टाकली, थोरलीनं मातीवर दगडही ठेवले. मका तिचाही चिकातला, कुट्टी तिचीही बारीक. चूक काढायला जागा नव्हती.

"छान झालाय ताई," धाकटी येऊन म्हणाली. "आता फक्त उघडू नका."

ते शेवटचं वाक्य बोलली नसती तर कदाचित बरं झालं असतं.

आठव्या दिवशी दुपारी थोरलीनं आपल्या खड्ड्याच्या कोपऱ्यातली माती सारली, कागद उचलला आणि नाक आत घातलं. ऊबदार, आंबूस, बरा वास. समाधानानं झाकून उठली. उठताना नजर पलीकडे गेली. हिचा कसा येत असेल?

धाकटी दर चार दिवसांनी दुपारी डेअरीत बैठकीला जायची. त्या दिवशी गेलीच होती. थोरलीनं इकडे तिकडे बघितलं, एक पाटी हातात घेतली, म्हणजे कुणी विचारलं तर शेण गोळा करतेय म्हणता येईल, आणि धाकटीच्या खड्ड्याचा गोठ्याकडचा कोपरा उघडला. वास आला तो पिकल्या फळासारखा, गोड आणि आंबट एकदम. थोरली गुडघ्यावर बसूनच राहिली. आपल्यापेक्षा चांगला होता. एकाच रानातला मका, एकच विळा, आणि वास हिचा चांगला. तिला पोटात असं काही दुखलं की तसं ते बाळंतपणातही दुखलं नव्हतं.

मग तो नादच लागला. दर चौथ्या दिवशी आधी आपला, मग तिचा. माती तळहातानं अशी सारखी करायची की मुंगीला कळू नये. आपल्याला समाधान वाटेना म्हणून आपला तर मधल्या दिवशीही उघडायची, एकदा या कोपऱ्यातून, एकदा त्या, एकदा मधून. पंचविसाव्या दिवशी आपल्या खड्ड्याला ओल्या गोणपाटाचा वास यायला लागला. तिनं आणखी दगड ठेवले. अठ्ठाविसाव्या दिवशी हात घातला तर आत चटका बसेल इतकं गरम. जीव चरकला. पण त्याच दुपारी धाकटीचा कोपरा हुंगला तर तिथेही तोच, ओल्या गोणपाटाचा वास.

थोरलीच्या मनावरचं ओझं एकदम उतरलं. म्हणजे आपलं चुकलं नाही. मुळात ही तऱ्हाच खोटी. पंधरा दिवसांनी सगळ्यांसमोर हिची वही उघडी पडणार. त्या संध्याकाळी तिनं नवऱ्याला चहा चांगला गोड केला. तो कप हातात धरून बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला.

पंचेचाळिसाव्या दिवशी सकाळी धारा आटोपल्यावर सगळे जमले. डेअरीवाला, त्या दहा-बारा घरची माणसं, शिवाय शेजारची कोंबडीवाली, जिला बोलावलेलं नव्हतं. थोरली पदर खोचून अगदी पुढे उभी राहिली. ठिपकीचं काय होणार हा घोर होताच, पण आजचा तमाशा बघितल्यावर त्याचा विचार करू असं तिनं ठरवलं होतं.

धाकटीनं गोठ्याकडच्या कोपऱ्यातून माती ओढली, कागद दुमडला. खाली काळंकुट्ट होतं. चिकट, वर पांढरी बुरशी. पुढची दोन माणसं नाक धरून मागे सरली.

"हे गाईला घालायचं?" कोंबडीवाली म्हणाली. "माझ्या कोंबड्या उकरायच्या नाहीत याला."

डेअरीवाल्यानं मान खाजवली. "वहिनी, मी या मंडळींना पुढच्या हंगामात खड्डे खणायला सांगणार होतो."

धाकटीनं वही उघडली, पान उलटलं, परत उलटलं. "माझंच तुडवण्यात चुकलं असेल," ती म्हणाली. "कोपऱ्यात पाय कमी पडले असतील."

मग ते झालं ज्याची थोरलीनं सहा वर्षं वाट बघितली होती. सगळ्यांनी धाकटीकडून नजर काढली आणि तिच्याकडे वळवली. एक म्हातारबा म्हणाले, "थोरल्या वहिनी, तुम्ही सांगा. या भानगडीत पडायचं की वाळल्या वैरणीवरच दिवस काढायचे? तुमचा शब्द शेवटचा."

जिभेवर शब्द तयार होता. तिनं एकदा त्या काळ्या डागाकडे बघितलं, बोलायच्या आधी डोळे भरून बघावं म्हणून. डाग गोल होता. साधारण दीड हात रुंद, कडेनं पसरत गेलेला. दुमडलेल्या कागदाच्या कडेला, डागापलीकडे कुट्टी पिवळसर, कोरडी-ओली, जशीच्या तशी. बिघडलं होतं ते फक्त जिथे तिचे हात गेले होते तिथे. दुसऱ्या तिन्ही कोपऱ्यांवर माती अजून तशीच होती, तिथे कुणी हात लावला नव्हता.

आपल्या खड्ड्यात आपण कुठे कुठे हात घातला, ते तिला एकामागून एक आठवलं. सगळीकडेच.

"पुढे उकरा," थोरली म्हणाली.

"कुठे?"

"दोन हात पुढे. सरका, मी काढते." तिनं स्वतः फावडं घेतलं, काळं सगळं बाजूला ओढलं आणि खालून मूठभर वर काढलं. तो पिकल्या फळाचा वास अंगणभर पसरला. गोठ्यातून कुणीतरी हंबरलं. तिनं मूठ म्हातारबांच्या नाकाशी धरली. "हुंगा. हा झाला मुरघास. कोपऱ्यात हवा गेली म्हणून तेवढा गेला."

"पण हवा जाईल कशी, ताई?" धाकटी म्हणाली. "मी स्वतः माती लावली होती."

"लावली होतीस. मी काढली."



"कधी?" धाकटीनं विचारलं.

"तू बैठकीला जायचीस तेव्हा. दर वेळी."

"कशाला?"

"वास घ्यायला. माझ्यापेक्षा चांगला येतो का बघायला." थोरलीनं फावडं मातीत रोवलं. "येत होता."

कोंबडीवाली फिसकन हसली. थोरली तिच्याकडे वळली. "तू हसू नकोस बाई. अंडं आलं का बघायला तू तासातासाला कोंबडीचं बूड उचलतेस, अख्खी गल्ली बघते."

मग ती सगळ्यांना आपल्या खड्ड्यावर घेऊन गेली. लाजायचंच तर अर्धवट कशाला. कागद पूर्ण ओढला. वरून खालपर्यंत काळं, बुरशीचं, मधे वाफा निघणारं. गाभण गाईला हे घातलं तर गाभ जाईल, हे तिला वही न वाचताही ठाऊक होतं. सगळंच उकिरड्यात जाणार होतं.

डेअरीवाला वाकून बघत होता. "एकदाच उघडलं तर किती खराब होतं हो?"

"एकदा लगेच झाकलं तर वीतभर," थोरली म्हणाली. "तीन-चारदा उघडलं तर हातभर. त्यापुढे मोजू नका, फावडं आणा. आणि गरम लागायला लागला की समजायचं, संपलं. मग वर दगड ठेवून काही होत नाही. मी ठेवलेत, बघा की." माणसं पुढे सरकली. कोणत्या दिवशी वास बदलला, आधी कुठून बिघडला, एकेक जण विचारायला लागला. थोरली सांगत गेली. सांगताना लक्षात आलं की धाकटी मागे उभी राहून वहीत लिहून घेतेय. तोंड फुगलेलं, डोळे लाल, पण लिहीत होती.

"मोठ्या अक्षरात लिही," थोरली म्हणाली.

दोन दिवस धाकटी थोरलीशी बोललीच नाही. हौदावर समोरासमोर आल्या तरी बादली भरून निघून जायची. थोरलीनंही मनधरणी केली नाही, ते तिच्या रक्तात नव्हतं. ती आपली उकिरड्यावर पाट्या वाहत राहिली. नवऱ्यानं ठिपकीच्या गिऱ्हाइकाला निरोप धाडायचा की नाही हे विचारलं नाही, नुसता जवळपास घुटमळत राहिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी फाटक न वाजता पावलं उजवीकडे आली. धाकटी, डोक्यावर भरलेली पाटी.

"मी अजून रागावलेली आहे," ती म्हणाली.

"राहा."

"पण ठिपकीवर नाही." तिनं पाटी गव्हाणीशी टेकवली. "माझ्या तीन गाईंना पुरून उरेल. उरलेला विकणार होते. आता रोज दोन पाट्या इकडे. वाळल्या वैरणीत मिसळून घाला, एकदम नको."

"ते मला सांगू नकोस."

"नाही सांगत." धाकटी जायला वळली, थांबली. "माझी कालवड पंधरा दिवसांत व्यायची आहे. पहिलटकरीण. वहीत सगळं लिहिलंय, पण आत हात घालायला माझा हात होत नाही."

"थर्मामीटर घाल की," थोरली म्हणाली. आणि थोडं थांबून, "कळा सुरू झाल्या की हाक मार. आधी नको, उगाच माझी फेरी होईल."

धाकटी गेली. थोरलीनं चार मुठी मुरघास वैरणीत कालवला आणि गव्हाणीत टाकला. न राहवून एक चिमूट नाकाशी नेली. वास तसाच होता, गोड आणि आंबट एकदम, आणि पोटात ते अजून थोडं दुखलंच. ठिपकीनं मात्र तोंड खुपसलं ते वर काढेना. रोज थोरली आली की तिचा हात चाटणारी गाय, आज तिनं कानसुद्धा हलवला नाही.

थोरलीनं तिच्या पाठीवर एक चापट मारली. "हळू खा," ती म्हणाली, "लोकांचं आहे."