गाडी बिघडलेली नव्हती

धाकट्या बहिणीचा फोन आला तसा मिस्त्री हातातलं काम टाकून स्कूटरवर बसला. "दादा, गाडी सुरूच होत नाहीये. आत्ता ये," एवढंच ती म्हणाली, पण आवाज असा, की पुढे काही विचारायचा त्याला धीर झाला नाही.

गाडी त्यांच्या वडिलांची. जुनी, पेट्रोलवरची. जाताना त्यांनी ती लेकीच्या हवाली केली, आणि तिची निगा मिस्त्रीच राखायचा. तिने असा दगा द्यावा हे त्याला पटेना.

बहीण बॉनेट उघडून उभी होती. मागच्या सीटवर कपड्यांनी फुगलेल्या दोन पिशव्या, वर भाचीची बाहुली.

"कुठे निघालीस?"

"आधी बघ ना, दादा."

त्याने तिला किल्ली फिरवायला लावली. स्टार्टर दणक्यात फिरला, म्हणजे बॅटरी ठणठणीत. पण इंजिन काही पकडेना. कार्बोरेटरकडे जाणारी नळी सोडवली, तर पेट्रोल भसकन बाहेर आलं. मग एक प्लग काढून वायरीला जोडला आणि इंजिनच्या लोखंडाला टेकवला. "मार परत." ठिणगीचं नाव नाही. दुसऱ्या वायरीचीही तीच गत.

"करंटच येत नाही," तो पुटपुटला आणि त्याने डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली. मधल्या दांड्यावर रोटरच नव्हता. अंगठ्याएवढा तुकडा तो. फिरत राहतो म्हणून एकेका प्लगला करंट पोचतो. झिजतो, तडकतो, पण आपल्या पायांनी चालत जात नाही.

"ही बिघडलेली नाही गं. कुणीतरी रोटर काढून नेलाय."

बहीण मटकन पायरीवर बसली. "आधी हे किल्ली लपवायचे. मी दुसरी करून घेतली, तर आता असं." तिची बाही वर सरकली. दंडावर बोटांचे निळे वळ होते.

मिस्त्री तिच्यासमोर उकिडवा बसला. "मला बोलली का नाहीस?"

"आईला बोलले होते. ती म्हणाली सांभाळून घे, दादाच्या कानावर घालू नकोस, तो डोक्यात राख घालून घेईल."

"चल, स्कूटरवर बस."

"छोटीला घेऊन गेलेत. कधी नव्हे ते, फिरायला."

तो गॅरेजवर धावला. एका भंगार गाडीचा रोटर उपसून आणला आणि बसवला. पहिल्याच झटक्यात इंजिन सुरू झालं. बहीण स्टिअरिंगला घट्ट धरून बसली.

भावजी आले ते छोटीला कडेवर घेऊनच. त्यांनी इंजिनचा आवाज ऐकला, पिशव्या पाहिल्या आणि हसले. "वा! दादांचा हात लागल्यावर काय!"

"छोटीला इकडे द्या, भावजी."

"का? बापाच्या कडेवर पोरीला काय झालंय?" त्यांनी पकड आवळली. छोटी कळवळली. मिस्त्री पाना मुठीत धरून पुढे सरकला.

"दादा, नको! ती मध्ये आहे." बहिणीने इंजिन बंद केलं, पिशव्या उतरवल्या आणि मान खाली घालून घरात गेली.

"चहा घेऊन जा की," भावजी म्हणाले.

तो तडक पोलीस चौकीत गेला. तिथे त्याला सांगितलं, बाईंना स्वतः येऊ द्या. त्या रात्री तो आईशी एक अक्षर बोलला नाही. त्यानंतर बहिणीचा फोन लागेनासा झाला, आणि दार वाजवलं की भावजीच उघडायचे.

थंडी सरता सरता एका सकाळी ती गॅरेजच्या दारात उभी राहिली. अनवाणी, छोटी कडेवर, एक डोळा सुजून मिटलेला. मिस्त्रीने दोघींना आत घेतलं आणि शटर खाली ओढलं.

"येतील ते," ती म्हणाली.

"येऊ दे," तो म्हणाला. पण शटरची कडी लावताना ती दोनदा त्याच्या हातून निसटली.